मेढ रोवलेलं इस्टेडियम

नाशकात कोणाच्या घरी गेलात आणि फडताळाच्या फळीवर काळ्या रंगात ४१७, ४१८, ४१९ असे आकडे दिसले, तर दचकू नका. ती फळी आमची आहे. म्हणजे होती. तीन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात तिच्यावर तीन माणसांनी दाटीवाटीने बसून हंगेरीच्या पैलवानाची कुस्ती पाहिली. तिच्या बहिणी पंचवटीतल्या एका शाळेत बाकं होऊन राहिल्या आहेत. बाराशे सात नंबरवर बसेल ते पोर नापास होतं असं तिथले मास्तर सांगतात, पण मास्तरांच्या शिकवण्याचं खापर आमच्या फळीवर कशाला? बांबू गोठ्यांना लागले, तरट भाजीवाल्यांनी नेलं, आणि ताक, तेल, हळद प्यालेली आखाड्याची तांबडी माती बायकांनी पाट्या भरभरून तुळशीसाठी नेली.

लोक मला विचारतात, "सरू, जगातले पैलवान जिथं येऊन गेले तो आखाडा मोडलात कशाला? ठेवायचा होता." मी म्हणते, बाबांनो, मोडला कसा ते विचारा. तो मोडतच नव्हता. आणि मोडत नव्हता म्हणून तर माझं लग्न झालं.

माझे वडील पुंजाराम मांडववाले. मी त्यांना दादा म्हणते. भद्रकालीमागच्या आमच्या गल्लीत येऊन कोणालाही विचारा, अर्ध्या नाशकाची लग्नं दादांच्या मांडवाखाली लागली आहेत. आणि एवढ्या पोरींना बोहल्यावर चढवणाऱ्याची स्वतःची पोर एकविसाव्या वर्षीही बांबूवरच चढत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सात स्थळं आली, सातही पोहे खाऊन गेली. "पोरगी कासोटा खोचून वर चढते" ही बातमी आमच्या पोह्यांच्या आधी त्यांच्यापर्यंत पोचलेली असायची. चढते तर चढते. दादांना मुलगा नाही, वरच्या गाठींना हलकं माणूस लागतं, आणि मला वरून गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी दिसायचं ते आवडायचं.

वर चढायला आम्ही दोघंच होतो, मी आणि यादव. यादव पेठच्या बाजूने बांबूच्या गाडीबरोबर आला आणि राहिला. आईबाप पटकीच्या साथीत गेलेले, मागेपुढे कोणी नाही. जातीने आमच्यातलाच, हे दादांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. बोलणं कमी. त्याने सुंभाने बांधलेली गाठ कोयत्याशिवाय सुटायची नाही. पण प्रत्येक मांडवाची सगळ्यात वरची, अगदी टोकाची गाठ तो तशीच सोडून खाली यायचा. दादा ओरडायचे, "ती एक काय तुझा आजा बांधंल?"  यादव ती माझ्यासाठी ठेवायचा. पाच वर्षं मी ती गाठ बांधत होते. मला त्याच्याशीच लग्न करायचं होतं, आणि हे मी दादांना तोंडावर सांगितलं होतं.

"पोरगा गुणाचा हाय," दादा म्हणाले. "पर त्याच्याकडून मांडवात बसनार कोन? ना आई, ना बाप, ना चुलता. मी जल्मभर मांडव घातले सरू. मुलाकडची बाजू रिकामी पडली की लोक इचारतात, मुलगी दिली का टाकली? मी माझी पोर टाकनार नाय."

"मला चालंल रिकामी."

"मला नाय चालनार."

झालं. त्यांचं एकदा नाही म्हणजे नाही. आई, म्हणजे कलाबाई, माझ्याकडून होती, पण आमच्या घरात आईचं ऐकलं जायचं ते फक्त मिठाच्या बाबतीत.

अशात इसाक वस्ताद आमच्याकडे आले. वस्तादांची भद्रकालीत तालीम. पन्नाशीचे, कान कुस्तीत मोडलेले, छाती अजून दारात न मावणारी. त्यांनी वर्तमानपत्रात काही वाचलं की ते सगळ्यात आधी दादांना येऊन सांगत, कारण दादांना वाचता येत नव्हतं आणि वस्तादांना ऐकणारं माणूस लागायचं.

"पुंजाराम, जर्मनीत बर्लिनला खेळ झाले. साऱ्या दुनियेचे खेळाडू. त्यासाठी इस्टेडियम बांधलं. एक लाख माणूस बसतं, एक लाख!"

दादा विचारात पडले. "पंगती किती उठवल्या?"

"जेवायला नाही रे, खेळ बघायला."

"बरं. मंग आता त्या मांडवाचं काय करनार ते?"

"काय करणार? ठेवणार. उभंच राहणार ते."

"लग्न न लावता?" दादांनी विचारलं, आणि वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला.

वस्तादांच्या डोक्यात मात्र ते इस्टेडियम घुसलं ते घुसलंच. मुंबईला कुस्त्यांसाठी परमुलखातले पैलवान आले होते, हंगेरीचा एक, जर्मनीचा एक, आणि एकाच्या देशाचं नाव वस्तादांनाही धड घेता येत नव्हतं. वस्तादांनी मुंबईला चार खेपा घालून त्यांना एका दिवसासाठी नाशकाला यायला कबूल केलं. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी दंगल. तपोवनाच्या वाटेवर एका रावसाहेबांचा मळा होता, भुईमूग निघून मोकळा पडलेला. रावसाहेबांनी तो दिला, पण अट घातली. वद्य एकादशीला मळा मोकळा पाहिजे. कांद्याचं रोप तयार आहे, त्या दिवशी लागण.

"पाच हजार माणसांचं इस्टेडियम," वस्ताद दादांना म्हणाले. "पायऱ्यापायऱ्यांचं. गोल. करशील?"

"करंन," दादा म्हणाले. त्यांनी आयुष्यात लग्नाच्या मांडवाशिवाय काही बांधलं नव्हतं.

आता इथे नीट ऐका. लग्नाचा मांडव घालताना आमच्यात पहिल्यांदा मुहूर्तमेढ रोवतात. उंबराची सरळ मेढ, तिला आंब्याचा टहाळा, हळकुंड-सुपारी घातलेलं पिवळं फडकं, पाच सवाशिणींच्या हातची हळद. ही मेढ जमिनीत गेली की मांडव सुरू. दादांनी बिचाऱ्यांनी वेगळा विचारच केला नाही. चांगला दिवस पाहिला, उंबराची मेढ तासली, आईला सांगितलं, गल्लीतल्या बायका बोलाव. बायका आल्या, हळद लावली, आणि हळद हाताला लागल्यावर गप्प कोण बसतं? त्यांनी नवऱ्यामुलाची गाणी म्हटली. नवरामुलगा कोण, हे कोणी विचारलं नाही. वस्तादांनी स्वतः नारळ फोडला आणि खोबरं वाटलं. मी मेढीजवळ माती चोपत होते, मलाही काही खटकलं नाही. सवय वाईट असते.

आणि गोल बांधा म्हटलं तर दादांनी बांधल्या समोरासमोर दोन बाजू, मध्ये मातीचा हौद. वस्ताद म्हणाले, "गोल कुठाय?" दादा म्हणाले, "मांडवाला दोनच बाजू असत्यात वस्ताद. एक मुलाकडची, एक मुलीकडची." तोपर्यंत पाचशे बांबू लागले होते. वस्तादांनी पायरीवर चढून दोन उड्या मारल्या. ती हलली नाही, मग तेही पुढे काही बोलले नाहीत. आमची माणसं दंगलीच्या दिवसापर्यंत तसंच बोलत राहिली. तिकीट पाहून एकेकाला ओरडून सांगत होती, "तुम्ही मुलीकडचे, तिकडं बसा."

दंगलीचा दिवस झकास झाला. देवळालीहून गोरे सोल्जर आले, मालेगावहून गाड्या भरून माणसं आली, ओझर-निफाडचे शेतकरी फेटे बांधून आले. आमचे पैलवान हौदात उतरताना मेढीला हात लावून कपाळाला लावत होते. ते पाहून हंगेरीच्या पैलवानानेही लावला. तळहात पिवळा झाला, त्याने तो हुंगला आणि सगळ्या लोकांना दाखवला. पाच हजार माणसं एकदम हसली तेव्हा मी पायऱ्यांखाली गाठी तपासत होते. डोक्यावरच्या फळ्या नुसत्या थरथरल्या, एक गाठ सरकली नाही. यादव पलीकडच्या बाजूखाली होता. त्याने तिथून मला हात करून दाखवला की त्याच्याकडेही सगळं ठीक आहे.

शेवटची मोठी कुस्ती मात्र पान लावून खाईपर्यंत संपली. मालेगावच्या सलीम पैलवानाने हात मिळवला, आणि हंगेरीवाल्याने त्याला उचलून पाठीवर ठेवला, इतकंच. लोकांना बसायला दोन तास लागले होते आणि कुस्ती दोन मिनिटं चालली. हंगेरीवाल्याने सलीमला मिठी मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण उठताना जो तो म्हणत होता, "वस्ताद, मन भरलं नाय." वस्ताद हात जोडून उभे होते. ते त्यांच्या मनाला लागलं, पुढचं कळायला हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोडायला गेलो. यादव वर चढला, पहिल्या गाठीला कोयता लावला आणि खालून दादा म्हणाले, "थांब."

ते मेढीसमोर उभे होते. तोंड पांढरं पडलं होतं.

"हिच्याखाली लग्न कुठं लागलंय?" दादा म्हणाले.

मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मेढ पहिली रोवायची आणि लग्न लागून मांडव परतला की शेवटी काढायची, हा मांडववाल्याचा धर्म. मेढ रोवली आणि लग्न न लावता मांडव मोडला, तर त्याचा अर्थ लग्न मोडलं. आणि अशी मेढ उपटणाऱ्या मांडववाल्याला पुन्हा कोण दारात उभं करील? गल्लीतल्या बायकांनी स्वतःच्या हाताने हळद लावली होती. झाकून ठेवायची सोयच नव्हती.

वस्ताद धावत आले. "अरे पुंजाराम, वेडा झालास काय? बाकीचं काढ, एक खांब राहू दे."

"मेढ उभी आन मांडव नाय, हे त्याहून वंगाळ."

"मग तो खांब मी काढतो. माझं काय जातंय?"

"तुमचं नाय जात वस्ताद, माझं जातंय."

सुरुवातीला मला हसू आलं. मग दादांनी मेढीचं सैल झालेलं पिवळं फडकं पुन्हा घट्ट बांधलं. ते पाहून माझं हसू गेलं.

तिथून दादांची वणवण सुरू झाली. ज्याच्या घरी लग्न असेल त्याने या मांडवात लावावं, मांडव आमच्याकडून. चार दिवस ते नाशकातल्या प्रत्येक लग्नघरी जाऊन आले. एक सराफ म्हणाला, "पाच हजारांच्या मांडवात माझी दोनशे माणसं म्हणजे बोरं सांडल्यासारखी दिसतील." दुसऱ्याने नाक मुरडलं, जिथे लंगोट लावून माणसं लोळली तिथे माझ्या मुलीचा बोहला? तिसरा आनंदाने तयार झाला, पण त्याचं लग्न माघात. मधला सगळा पौष. पौषात लग्न लागत नाही आणि कांदा माघापर्यंत थांबत नाही. आणि निघताना जो तो एकच सांगायचा, "पुंजाभाऊ, घरात पोरगी असताना गावभर कशाला फिरता?" दादा हे ऐकून घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे.

सप्तमीला रावसाहेब मळ्यावर आले. माणूस वाईट नव्हता, पण रोप वाफ्यात पिवळं पडायला लागलं होतं. "एकादशीला पहाटे माझी बैलजोडी येईल," ते म्हणाले. "तुमच्याने निघत नसेल तर बैल काढतील." ते गेले. दादा पायरीवर बसून राहिले. इसाक वस्ताद त्यांच्या शेजारी बसले. यादव समोरच्या बाजूला सुंभ गुंडाळत होता, त्याने मान वर केली नाही.

मला राग आला. दादांचा आला, मेढीचा आला, त्या सात पोहेखाऊंचा आला, आणि तोंडातून शब्द न काढणाऱ्या यादवचा तर सगळ्यात जास्त आला. मी उठले, कासोटा खोचला आणि मेढीला दोन्ही हातांनी विळखा घातला.

"सरू!" दादा उभे राहिले. बिनलग्नाच्या पोरीने मेढ उपटायची म्हणजे केवढा अपशकुन, ते मला सांगायची गरज नव्हती.

"दादा, आता ऐका," मी म्हणाले. "बैलांनी उपटली तर तुमचं नाव जानार. त्यापेक्षा मी उपटते. नायतर हिच्याच खाली यादवसंगं उभी राहाते. दशमीला मुहूर्त हाय, आईनं गुरुजींना इचारलंय. दोन्हीतलं एक सांगा. माझे हात दुखायला लागलेत."

 यादवच्या हातातून सुंभाचा गुंडा सुटला आणि पायऱ्यांवरून घरंगळत हौदात गेला.

"यादव," दादा शेवटी म्हणाले, "तुला करायचीय का ही बया?"

"पाच वरसं झाली," यादव म्हणाला. एवढंच. पण मला पुरलं.

दादांनी समोरची बाजू पाहिली. अडीच हजार माणसांची, वरपर्यंत रिकामी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, साधा मांडव असता तर चार शेजारी बसवून भरली असती. इथं काय करू? एवढी मोठी रिकामी बाजू घेऊन माझी पोर उभी राहनार?"

तेव्हा वस्ताद उठले. त्यांनी यादवच्या पाठीवर थाप मारली, ती मला इकडे ऐकू आली. "मुलाचा बाप मी. मुलाकडची बाजू माझ्यावर सोड. तू तुझी बघ."

दुसऱ्या दिवसापासून दंगलीची दवंडी देणारा हलगीवाला पुन्हा गल्लीगल्लीतून फिरायला लागला. "ऐका हो ऐका! दशमीला दुपारी तपोवनाच्या मळ्यात इसाक वस्तादाच्या यादवचं लगीन हाय हो! मुलाकडून समद्या नाशकाला आवतान हाय हो! ज्यांचं कुस्तीनं मन भरलं नाय त्यांनी त्याच तिकिटावर यावं हो!" गुरुजींनी कुरकुर केली, वस्ताद मुलाचे बाप कसे म्हणून. आई म्हणाली, "गुरुजी, तुमी मंतर म्हना. बाप आमी बघून घेऊ." त्या दिवशी आईचं मिठापलीकडेही ऐकलं गेलं.

घरात एकच गोष्ट दादांनी हट्टाने स्वतःकडे घेतली. अक्षत. आमच्यात हळदकुंकू लावलेले तांदूळ हातावर ठेवून बोलावल्याशिवाय कोणी लग्नाला येत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. आई म्हणाली, गल्लीत अक्षत मी देऊन येते. दादा म्हणाले, "माझ्या पोरीची अक्षत मीच देनार." आणि मग ते मांडवाला लागले. पायऱ्यांना आंब्याची तोरणं, कडेने केळीचे खांब, हौदाच्या मातीवर शेणाचा सडा, मधोमध बोहला. तीन दिवस ते खाली उतरलेच नाहीत. दुसऱ्यांच्या लग्नात त्यांचं काम एवढंच असायचं. अक्षत द्यायची ती लग्नघरचे लोक देतात. आपण लग्नघरचे आहोत, याची दादांना सवय कुठून असणार?

दशमीला थंडी लख्ख होती आणि ऊन छान पडलं होतं. वाजतगाजत यादव आला. मुंडावळ्यांखाली तो इतका घाबरलेला दिसत होता की मला त्याची दया आली. वेशीजवळ व्याहीभेट झाली. वस्तादांनी जरीची टोपी घातली होती, अत्तर लावलं होतं. व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारायची असते. वस्तादांनी मारली आणि जुन्या सवयीने दादांना जमिनीवरून हातभर उचललं. तालमीचे पैलवान ओरडले, "पाठ लावू नका वस्ताद!" दादासुद्धा हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

मग मला आईनेच धरून बोहल्यावर आणलं. मधे अंतरपाट, पलीकडे यादव. मी मुंडावळ्यांमधून डावीकडे पाहिलं. मुलाकडची बाजू वरपर्यंत भरली होती. फेटे, टोप्या, बुरखे, शालू. मालेगावचा सलीम पैलवान पहिल्याच ओळीत होता. पेठकडचे बांबूवाले कुटुंबासकट आले होते, लोक पायऱ्यांच्या कडांना लटकले होते. मला इतकं बरं वाटलं की रडू यायला लागलं. मग मी उजवीकडे पाहिलं.

आमच्या बाजूला कोणी नव्हतं. एक माणूस नाही. अडीच हजारांच्या पायऱ्या, त्यांची तोरणं, आणि तळाशी एकटी माझी आई.

दादांनीही तेव्हाच पाहिलं. ते आधी आमच्या बाजूकडे बघत राहिले, मग समोरच्या. तिथे चौथ्या पायरीवर आमची शेजारीण अक्काबाई होती. तिच्यामागे आमची सगळी गल्ली होती. माझी सख्खी आत्याही होती.

दादांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "अक्षत दिली व्हती ना तुमी?"

दादांनी डोक्याला हात लावला. गुरुजी म्हणाले, "मुहूर्ताला थोडाच वेळ आहे." दादांनी त्यांच्यापुढच्या ताटातल्या अक्षता मूठ भरून घेतल्या आणि हौद ओलांडून मुलाकडच्या पायऱ्या चढू लागले. सगळा मांडव गप्प झाला, त्यामुळे पुढचं सगळं आम्हाला ऐकू आलं.

"अक्काबाई, इथं गं का बसली?"

"मंग कुठं बसू?" अक्काबाई फणकाऱ्याने म्हणाली. "तीन दिस दाराकडं डोळे लावून बसले, पुंजाभाऊची अक्षत येईल म्हनून. नाय आली. वस्तादानं दवंडी दिली. ज्याचं बोलावनं त्याच्याकडं बसायचं. आमी मुलाकडच्या."

"चुकलो माय. घे, ही अक्षत. माझ्या पोरीचं लगीन हाय, चल आपल्या बाजूला." दादांनी तिच्या तळहातावर चार दाणे ठेवले.

तशी अक्काबाई विरघळली आणि उठली. तिच्यामागे आत्या उठली, गल्ली उठली. त्यांचं पाहून दंगलीला आमच्या बाजूला बसलेले लोकही उठायला लागले, आपण मुलीकडचे होतो म्हणून. पायऱ्या करकरल्या. अंतरपाटाच्या कडेवरून मला यादवचं कपाळ दिसत होतं. त्याने एकदा वर पाहिलं, पायऱ्या मोकळ्या होताना पाहिल्या, आणि मग हळूच खाली मातीकडे बघायला लागला.  

दादांनी त्याला पाहिलं. पायरी उतरता उतरता ते थांबले.

"बस, अक्काबाई," ते म्हणाले. "बसा सगळे. कोनी उठू नका."

"आता काय झालं?"

"पोरगा एकटा पडंल," दादा म्हणाले. "आमच्या बाजूचं राहू द्या. आमी तिघं हाय. पुरे."

आणि ते खाली उतरले. पूर्ण हौद त्यांना एकट्याला ओलांडायचा होता, सगळं नाशिक बघत होतं, आणि ज्या माणसाला रिकाम्या बाजूची एवढी लाज, तो ताठ मानेने चालत आमच्या रिकाम्या बाजूला येऊन माझ्यामागे उभा राहिला. मला मागे वळायची सोय नव्हती. मी एवढंच म्हणाले, "दादा." ते म्हणाले, "गप. पुढं बघ."

गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली गेला, आणि अडीच हजार माणसांच्या अक्षता एकाच बाजूने आल्या. दादांच्या मुठीतल्या अक्षता अजून तशाच होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात लांब केला आणि ती सबंध मूठ यादवच्या डोक्यावर सोडली. माझ्या वाट्याला त्यातला एक दाणा आला नाही, आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटलेलं नाही.